आबा केंकऱ्यांचे खिसे

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला त्या दिवशी माझा धाकटा भाऊ वसंत छापखान्यातून घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सोनापूरच्या स्मशानात नेले. संचारबंदी होती, त्यामुळे चाळीतली चारच माणसे बरोबर जाऊ शकली. त्यांतले एक आबा केंकरे वकील.

मला लिहायचे आहे ते आबांविषयी. पण तो दिवस टाळून त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही, म्हणून आधी सांगून टाकला.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत आबा शेजारच्या खोलीत राहत. मूल नव्हते. ते आणि माईकाकू, दोघेच. वकिली चालायची नाही असे म्हणता येणार नाही. ती चालायची, पण आबांसारखीच, पायी. कारण आबांच्या कोटाला खिसे फार होते.

तो काळा अल्पाकाचा कोट त्यांनी मुद्दाम सांगून शिवून घेतला होता. एक खिसा ट्रामचा, एक माशांचा, एक भाजीचा, एक औषधांचा, एक देवाचा. ज्या खिशात ज्या कामाचे पैसे, ते त्याच कामाला. ट्रामचा खिसा रिकामा झाला की आबा धोबीतलावाहून चालत यायचे, मग माशांच्या खिशात चांगली नोट का असेना.

"अहो, एक आणा काढला असता त्यातला, तर काय बिघडलं असतं?" माईकाकू पायांना तेल लावता लावता म्हणायच्या.

"मग तो माशांचा खिसा राहिला नसता."

"काय राहिला असता?"

"नुसता खिसा." आबा हे अशा स्वरात म्हणायचे, जणू एखाद्या माणसाची अब्रू गेली.

आमच्या दारावर मासे घेऊन येणारी पारूबाई कोळीण त्यांना पुरती ओळखून होती. पाटी खाली ठेवायच्या आधी ती विचारायची, "वकीलदादा, आज कंचा खिसा भरलाय तुजा? भाजीचा असंल तं मी चालली." आबा गंभीरपणे उजवा, माशांचा खिसा चाचपायचे. तो रिकामा असला तर खरोखरच त्या दिवशी घरात वालाचे बिरडे व्हायचे.

याच पारूबाईमुळे आबांच्या कोटाला शेवटचा खिसा लागला. बाजारातली तिची बसायची जागा एका व्यापाऱ्याने बळकावली. तिला दावा करायचा होता. आबांनी स्वतःची फी सोडली, पण कोर्टाची फी कोण सोडणार? ती वाढलेली होती, आणि पारूबाईकडे तेवढे नव्हते. आबांनी आपले द्यायचे म्हटले तर ती उठूनच उभी राहिली. "भीक घेऊन जागा नको मला," म्हणाली. दावा झाला नाही. जागा गेली. ती दारोदार पाटी घेऊन फिरू लागली.

तेव्हापासून आबांनी एकच विषय धरला. वाढीव कोर्ट फीमधला वाटा कोर्टाशी संबंध नसलेल्या कामांकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते कितपत खरे होते मला ठाऊक नाही. वाचनालयात मी पुस्तके देण्याघेण्याचे काम करी. ताळेबंद मला कळत नसत. पण तत्त्व मात्र आबांनी चाळीतल्या प्रत्येकाला कळवले होते, अगदी नळावरच्या रांगेत उभे राहून.

"कर सगळ्यांकडून घेतात, सगळ्यांसाठी खर्च करतात. फी ज्याचं काम, त्याच्याकडून, त्याच कामासाठी. राज्यघटनेत दोन्ही वेगवेगळ्या नोंदींत आहेत. घटना लिहिणाऱ्यांना शाई जास्त झाली नव्हती. वादीकडून कोर्टाच्या नावानं घेऊन त्यातून तुम्ही रस्ता बांधलात, तर रस्त्यावरून प्रतिवादी पण चालतो की. मग ती फी कसली? तो न्यायाच्या उंबऱ्यावर बसवलेला कर झाला."

"आबा, बादली भरली, उचला," मागून कुणीतरी म्हणे.

हा मुद्दा हायकोर्टात न्यायचा, हे त्यांचे आयुष्यातले एकमेव मोठे काम होते. त्यासाठी कोटाला आतून खिसा लावला. त्याच्या तोंडाला सेफ्टी पिन. एखादा खटला निकालात निघाला की मेणकापडात गुंडाळलेल्या नोटांत एखादी भर पडे.

वसंताला या खिशाचे फार हसू यायचे. "आबा, म्हणजे फी जास्त आहे अशी तक्रार करायची तर आधी तीच फी भरायची?"

"भरायची."

"आणि हरलात तर?"

"तर निदान ती योग्य कामाला लागली असं होईल. कोर्टात गेलेली फी कोर्टाच्या निकालाला लागली."

वसंता छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. बोटे कायम शाईने काळी. आबांची थट्टा करण्याचा हक्क चाळीत फक्त त्यालाच होता. आबा गणपतीचे खजिनदार. एका वर्षी वर्गणी उरली आणि मुलांनी कॅरम बोर्ड मागितला. आबा म्हणाले, "वर्गणी गणपतीची. गणपती कॅरम खेळतो का?"

"खेळत असणार, आबा," वसंता म्हणाला, "चार हात आहेत. नुसते बसून काय करायचे त्यांचे?"

आबा हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात मुलांना बोर्ड मिळाला. पैसे कुठल्या खिशातले, हे त्यांनी सांगितले नाही. माईकाकू म्हणाल्या, महिनाभर देवाला उदबत्ती नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या तसा वसंता संध्याकाळी घरी दिसेनासा झाला. आबा वाचनालयात माझ्याकडे येऊन बसू लागले. त्यांचे अक्षर त्यांनाही लागत नसे. टाइप करून घ्यायला वेगळा खिसा नव्हता. "सुमन, सुवाच्य हस्ताक्षर कोर्टाला चालायला हवं. नाही चाललं तर त्यावर वेगळा मुद्दा काढू," असे म्हणून त्यांनी अर्जाची साफ प्रत मला करायला दिली. जाड कागदावर, इंग्रजीत, समास सोडून. कित्येक संध्याकाळी तिथेच बसून मी ते लिहीत होते. ते माझी फी देऊ लागले तेव्हा मी नको म्हटले. "बरं, मग दाखल होईल त्या दिवशी," म्हणाले.

शेवटचे पान झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी, गोळीबाराच्याच दिवशी, वसंता कामावर निघाला होता. आबा जिन्यात भेटले.

"आबा, मोर्च्याचा एक खिसा शिवून घ्या आता."

"त्यात टाकू काय?"

"काही नको. पाय घातले तरी चालतील."

"चल, निघ. कामावरून सरळ घरी ये."

"सरळच येतो हो," असे म्हणत तो खाली उतरला.

वसंता गेल्यावर घरात मिळवती मी एकटी राहिले. वाचनालयाच्या पगारात भाडेही सुटत नव्हते. चाळीने वर्गणी काढली आणि ताट झाकून आणले. आईने ताटावरचा रुमालही बाजूला केला नाही. "माझा मुलगा वर्गणीवर मोठा झाला नाही," एवढेच म्हणाली. लोक दुखावून गेले. कुणीतरी गणपतीच्या शिलकीचे नाव काढले, तर आबा जिन्यातच म्हणाले, "ती गणपतीची आहे." त्यावर लोक आबांना जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

दोन दिवसांनी आबा कोट घालून आमच्याकडे आले. कोर्टाला सुट्टी होती. बसले नाहीत. सेफ्टी पिन काढली आणि मेणकापडाची घडी आईपुढे ठेवली.

"वहिनी, ही वसंताची फी."

"कसली फी?"

"माझ्या हायकोर्टाच्या अर्जाची साफ प्रत त्यानं लिहिली. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहायचा. कामाचा मोबदला द्यायचा राहिला होता. ज्यासाठी ठेवलेले, त्यालाच देतोय. दया नाही ही."

"मला कधी बोलला नाही तो, भावजी."

"बोलणार कसा? पक्षकाराचं काम बाहेर बोलायचं नसतं. शिकवलं होतं मी त्याला."

आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी स्टोव्हला पंप मारत राहिले.

आईने घडीला हात लावला नाही. मग म्हणाली, "बघू तरी ते. त्याचं अक्षर."

आबा घरी जाऊन प्रत घेऊन आले. आईला इंग्रजी येत नव्हते. तिने पहिल्या पानावरून हात फिरवला, ओळीओळीवरून, लहान मुलाची पाठ चोळावी तसा. "किती सरळ ओळी," म्हणाली. "शाळेत असताना वाकड्या काढायचा." मग तिने प्रत देवांशेजारी ठेवली, आणि घडी उचलून घेतली.

त्या पैशांवर आम्ही पावसाळ्यापर्यंत निभावले. पुढे मला शाळेत नोकरी लागली. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "आमचा वसंता हायकोर्टाचे अर्ज लिहायचा."

एकदा मी आबांना जिन्यात गाठले. "आबा, मी दुसरी प्रत करून देते. आईला कळणार नाही."

"मूळ प्रत तीच," आबा म्हणाले. "दाखल झाली की कोर्ट ठेवून घेतं. परत मिळत नाही."

"पण दुसरी—"

"पारूबाईला भीक नको होती, वहिनींना दया नको होती. मला नक्कल नको. जा, उशीर होतोय तुला."

त्यांनी ते काम सोडले. नळाच्या रांगेत ते आता फक्त बादली भरत. कुणी मुद्दाम डिवचले, "आबा, फी आणि करात फरक काय हो?" तर म्हणत, "फार नसावा." ते ऐकून लोक हसत. मला तिथे उभे राहवत नसे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी गिरगावात तोरणे लागली. आबा घामाघूम होऊन आमच्या दारात आले. हातात पेढ्याची पुडी. एक पेढा वसंताच्या तसबिरीपुढे ठेवला, एक आईच्या हातावर दिला.

पेढ्यांना त्यांच्या कोटात खिसा नव्हता, हे मला माहीत होते. मी विचारले, "कुठल्या खिशातले, आबा?"

"ट्रामच्या," ते म्हणाले. "चालत आलो."

माईकाकू आबांच्या आधी गेल्या. नंतरची वर्षे आबा आमच्याकडेच जेवत. पानावर बसण्यापूर्वी उजव्या खिशातून काढून माशांचे पैसे ठेवत, आणि आई ते मुकाट्याने घेई. ते गेले तेव्हा कोट आमच्याकडे आला. आई गेली तेव्हा देवही माझ्याकडे आले.

कोट ट्रंकेत आहे. आतल्या खिशाची पिन गंजली आहे. अर्ज देवांशेजारी आहे, त्याच्या कोपऱ्यावर अष्टगंधाचा डाग आहे. अक्षर माझे आहे. त्यावर कोर्ट फीचा स्टँप नाही.