धीरूकाकांचा कान

शनिवारी सकाळी गाठियांची पुडी संपवून धीरूकाका मेहता पुन्हा किरीटभाईच्या दुकानात गेले. सोबत लेक, हर्षिदा. नुकतंच घेतलेलं कानाचं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारत होतं. भावनगरच्या त्या बाजारात किरीटभाई सज्जन म्हणून ओळखला जाई. म्हणजे नकार देण्याआधी तो चहा पाजत असे.

"काका, मशीन एकदम ठणठणीत. झिजलाय तो तुमचा कान."

"मग विकताना काय नवा होता?" काका गरजले. "बदलून दे, नाहीतर ग्राहक कोर्टात खेचतो!"

दुकानातली माणसं हसली. हर्षिदाने मान खाली घातली. "बापुजी, जाऊ द्या ना. लोक बघताहेत."

काकांना ते ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठले नाहीत.

काकांच्या बेसण्याला, म्हणजे शोकबैठकीला, किरीटभाई पांढराशुभ्र झब्बा घालून हजर. फोटोसमोर हात जोडायचे, घटकाभर गप्प बसायचं आणि उठायचं, एवढीच तिथली रीत. पण गप्प बसणं किरीटभाईला परवडणारं नव्हतं. "आमच्या मशीनमुळे काकांना शेवटपर्यंत खणखणीत ऐकू येत होतं हं," तो शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. काकांच्याच वयाच्या मनसुखदादांनी तिथल्या तिथे यंत्राची चौकशी केली. "काका माणूस चांगला, पण भांडकुदळ फार," किरीटभाईने दुःखाने जोडलं, आणि चार माना हलल्या.

हर्षिदाचीही हलणार होती. सवयच तशी. बापुजींनी जन्मभर दुकानदारांची काटामारी पकडली, आणि तिने जन्मभर त्यांच्या पाठीमागून त्याच दुकानदारांची माफी मागितली. या वेळी मात्र मान हलली नाही.

तेरावं आटोपल्यावर ती यंत्र घेऊन दुकानात गेली. समोरच मनसुखदादा खरेदीला बसलेले.

"बेन, वॉरंटी ग्राहकाला असते," किरीटभाईने चहा पुढे केला. "ग्राहकच वारले. आता मी तपासू कुणाचा कान?"

"ग्राहक वारला तर वारसाला तक्रार करता येते. कायदाच आहे तसा. आणि चहा नको."

"मग घाला तुमच्या कानात!"

तिने घातलं. शिट्टी वाजली.

"बघा!" किरीटभाई खुलला. "कान वडिलांवरच गेलाय तुमचा!"

"बरं. आता तुमच्या कानात घाला."

"माझ्या? माझे कान चांगले आहेत, बेन."

"म्हणूनच."

"घाल की रे, किरीट," मनसुखदादा पुढे सरकले. "मलाही हेच विकतोयस ना?"

सज्जन माणसाला भर दुकानात पळता येत नाही. किरीटभाईने यंत्र कानात घातलं, आणि अशी शिट्टी वाजली की रस्त्यावरची गाय दचकून बाजूला झाली. मनसुखदादांनी पाकीट निमूट खिशात ठेवलं.

"बदलून देतो!" किरीटभाई घाईघाईने ओरडला. शिट्टीमुळे त्याला आपलाच आवाज कळत नसावा. "नाहीतर पैसे परत! काय हवं ते सांगा, बेन, पण कोर्टबिर्ट नको!"

"पैसे तर घेणारच. पण माझे बापुजी भांडकुदळ नव्हते," हर्षिदा म्हणाली.

"काय?"

आता सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. तिने मान वर केली.

"माझे बापुजी बरोबर होते!" ती ओरडली. "दर वेळी बरोबर होते!"