फक्कीवाला नामा

आमच्या शेजारचा नामा कावळ्याला बाद देतो. खोटं वाटत असेल तर थंडीत आमच्या आळीत यावं. अंगणात सुकट वाळत घातली की नामा तिच्याभोवती पांढऱ्या फक्कीची चौकट मारतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. कावळा रेघेच्या आत उतरला की हा उभा राहतो, हात वर करतो आणि म्हणतो, "पाय दिसला. बाद." कावळा सुकट उचलून जातो. नामाला त्याचं काही नाही. निकाल दिला, त्याचं काम संपलं.

मी चौथी शिकलेला माणूस. धरमतरच्या बंदरात बार्जमधला माल उतरवण्यात जन्म गेला, हातात लेखणी कधी टिकली नाही. पण या नामाने मला जो ताप दिला तो लिहून काढल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही.

फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची पूड. नामाकडे दुधाच्या पावडरीचा जुना पत्र्याचा डबा आहे, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला. दोरी ताणायची आणि डबा आपटत दोरीवरून चालायचं. चाळीस वर्षं आमच्या गावदेवी संघाचं मैदान त्याने आखलंय. संघाला शिकवतो तोच, पंच होतो तोच आणि हरल्यावर जेवत नाही तोही तोच. लग्न केलं नाही. घरात दोन पातेली, एक चटई आणि चुन्याची पोती.

मैदानावर काय करायचं ते करावं, माझी ना नाही. पण हा माणूस मैदान सोडून उभ्या तालुक्याला बाद देत हिंडतो. पेणच्या एसटी स्टँडवर रांग नीट लागत नाही म्हणून याने एकदा तिथे फक्की मारली आणि सतरा माणसं बाद दिली. त्यात कंडक्टरही होता. माझ्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत नवऱ्याचा पाय अंतरपाटाखालून पुढे आला, तर मागून याचा आवाज, "पाय दिसला." नवरी हसली, तिची आई रडली आणि भटजी पुढचं कडवं विसरले. श्रावणात गणपती सांगायला गेला तर कारखान्यात रांगेत मांडलेल्या मूर्तींकडे बघून मूर्तिकाराला म्हणाला, तिसरा गणपती रेघेच्या बाहेर हाय.

आणि माझ्या बांधावर तर याने वर्षभर उच्छाद मांडला होता. माझ्या मागच्या दारापासून दोन तळ्यांच्या मधून एक बांध खाडीकडे जातो. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात जिताडे मासे. सकाळचं परसाकडे जायची वाट तीच. आमची जनी गेल्या वर्षीच्या गौरीत गेली. तिचं कार्य झालं आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून या बाबाने माझ्या बांधावर फक्की मारायला सुरुवात केली. रोज पहाटे. दवाने रेघ पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी विचारलं, हे कसलं मैदान? म्हणाला, हात बसवतोय. मी म्हटलं, तुझा हात बसवायला माझंच घर सापडलं का? बायको मेलेल्या माणसाच्या दारात कोणी असला खेळ करतं का? तो डबा आपटत निघून गेला. दुसऱ्या दिवशी रेघ होतीच.

आता खरा ताप सांगतो.

गावात सुदाम म्हणून एक पोरगा होता. चढाईला गेला की चार गडी अंगावर घेऊन मध्यरेघेला हात लावणारा. नामानेच घडवलेला. एकोणिसाव्या वर्षी वाईट संगतीला लागला आणि दोघांना घेऊन त्याने घरं फोडली. त्यातलं एक घर माझं. जनी माहेरी, रोह्याच्या पलीकडे अष्टमी गावाला गेली होती आणि मी शिफ्टला. तिच्या बापाने लग्नात दिलेला तांब्याचा हंडा गेला. हंडा पुन्हा सापडला नाही, मोडून विकला असणार. जनीने त्या पोराला इतक्या शिव्या घातल्या की आळीतल्या बायका ऐकायला जमल्या. पुढे शिव्या थांबल्या, पण गौरी आल्या की स्टीलच्या कळशीत पाणी भरताना ती मिनिटभर गप्प उभी राहायची. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटायचं.

सुदाम सापडला, अलिबागला तुरुंगात गेला, शिक्षा भोगून या थंडीत परत आला. आणि नामा म्हणाला, रोह्याच्या सामन्यात याला घ्यायचा.

देवळात बैठक बसली. निम्मे म्हणाले, रोहेकर दर वर्षी आपल्यावर लोण चढवतात, गडी चांगला आहे तर घ्या. निम्मे म्हणाले, चोराच्या अंगावर गावदेवीचं नाव घालून रोह्यात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? भांडण मिटेना तेव्हा सरपंच म्हणाले, घर धर्माचं फुटलं, धर्मा सांगेल ते खरं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, नाय.

नामा उठला. एरवी दोन शब्दांच्या वर न बोलणारा माणूस, त्या दिवशी बोलला. "धर्मा, आपल्या खेळात बाद झालेला गडी मरत नाय. बाहेर बसतो. पण आपल्या मनाने उठून आत येता येत नाय त्याला. आतल्या कोणीतरी समोरचा गडी मारायचा, तेव्हा तो उठतो. आम्ही मारला नाय तर तो बसूनच राहील."

मी म्हटलं, "तो तुझा खेळ. माझा हंडा खेळात नव्हता गेला."

तिथे विषय संपायला हवा होता. माणूस शहाणा असता तर संपला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव सुरू झाला तेव्हा नामाने मैदानाच्या कडेला बाद गड्यांची चौकट आखली आणि सुदामला तिच्यात नेऊन बसवला. मांडी घालून. खेळायचं नाही, बोलायचं नाही, सराव संपेपर्यंत उठायचं नाही. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. मैदान माझ्या ओट्यासमोर. म्हणजे मी चहा घेऊन बसलो की समोर हा, पंचवीस वर्षांचा बाप्या गडी, चुन्याच्या चौकटीत देवळातल्या नंदीसारखा. लोक हसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, सुदाम, कधी उठणार रे? चौकटीच्या बाहेर त्याचा अंगठाही कधी दिसला नाही, एवढं मात्र खरं.

माझं टाळकं फिरलं. मी नामाच्या घरी जाऊन त्याला चांगला झाडला. म्हटलं, त्याला बसवतोस तो मला दाखवायला. मला गावात वाईट करतोस. चोरी त्याने केली आणि लोक बघतात माझ्याकडे, हा कुठला न्याय? नामा भाकरी खात होता. म्हणाला, "जेवतोस काय?" मी तसाच परत आलो. जनी असताना त्याच्याकडे रोज आमच्या घरची आमटी जायची. वर्षभर कोरडी भाकरीच असेल त्याच्या ताटात. ते दिसलं मला, पण राग त्यापेक्षा मोठा होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी नामा रोह्याला गेला. तिकडच्या मैदानाची फक्कीही तोच मारतो, दुसऱ्या कोणाची रेघ त्यांना पटत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा लोटा घेऊन बांधावर निघालो. रेघ होती. पण वाकडी. नामाची रेघ दोरीसारखी असते, ही दारू प्यायल्यासारखी होती. अर्ध्या बांधावर ती डावीकडे सरकली, तिच्या मागे मी सरकलो आणि गुडघाभर पाण्यात गेलो. लोटा तळ्यात. जिताड्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

ओला लेंगा बदलला, पेणला आलो आणि रोह्याची एसटी धरली. जनी गेल्यापासून त्या बाजूला गेलो नव्हतो. पुलापलीकडे अष्टमी दिसली तेव्हा दुसरीकडे बघितलं. मैदानावर नामा दोरीवरून चालत होता. मी दुरूनच आवाज टाकला, तुझा डबा कोणाच्या हातात दिलास?

"सुदामच्या," तो म्हणाला. "वाकडी मारली काय?"

मी म्हटलं, मी तळ्यात पडलो. माझा हंडा नेला आणि आता मला बुडवायला निघालाय. आणि तो बांध माझा आहे, त्यावर तुम्हा दोघांचं काय काम?

नामाने हातातला रोहेकरांचा डबा खाली ठेवला. दोरीला गाठ मारत, माझ्याकडे न बघता बोलला.

"वहिनी जाण्याआधी बोलली होती मला. तुला कमी उजेडात दिसत नाय. पहाटे ती पुढे चालायची आणि तू तिच्या टाचा बघत मागून. कोणाला सांगू नको म्हणाली, तो चिडेल."

अठरा वर्षं आम्ही दोघांनी ते लपवलं होतं. बंदरात कळलं असतं तर काम गेलं असतं. आणि ती गेल्यावर वर्षभर मी रोज त्या रेघेवर पाय टाकूनच चालत होतो. शिव्या देत चालत होतो.

म्हटलं, वर्षभर पहाटे उठतोस?

"मला कोण हाय उठवायला," नामा म्हणाला. "तुझी रेघ मारायची असते म्हणून उठतो."

पुन्हा डबा उचलून तो दोरीवर चालायला लागला.

दुपारी टेम्पोतून आमचे गडी आले. सुदाम पाण्याची बादली घेऊन उतरला. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत चुना लागला होता, अजून धुतला नव्हता. बादली ठेवून तो कोणी न सांगता बाद गड्यांच्या चौकटीत जाऊन बसला. मांडी घालून. रोह्याचे लोक बघायला लागले. टेबलावर नावं द्यायची वेळ झाली. नामाच्या हातातला कागद मी बघितला. सहा नावं लिहिली होती आणि सातव्या ओळीवर काही नव्हतं. बदली गडी शेजारीच उभा होता, पण नामाने त्याचं नाव घातलं नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हता. मला अजून राग होता, तो आजही आहे. हंडा काही परत आलेला नाही.

मी मैदान ओलांडून चौकटीपाशी गेलो.

"उठव त्याला," मी नामाला म्हटलं.

नामाने खाली बघितलं. मी चपलांसकट त्याच्या ताज्या रेघेवर उभा होतो.

"पाय दिसला," तो म्हणाला. "तू बाद. तू बस, तो उठेल."

भर मैदानात, सासुरवाडीच्या माणसांसमोर, मी चपला काढल्या आणि त्या चौकटीत जाऊन बसलो. सुदाम उठला. पाय अवघडले होते त्याचे, दोन झटके दिले. माझ्यासमोर उभा राहिला आणि काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. मला ते नको होतं.

"काका," तो म्हणाला, "उद्या सरळ मारतो."

"दोरी लावून मार," मी म्हटलं.