दोनदा सुलटा केलेला रकाना

सकाळी नऊ चाळीसला सिस्टरांचा फोन आला आणि अकरा हजार माणसं जागच्या जागी उलटी झाली.

त्याआधी दहा मिनिटं मी खुशीत होते, हे नोंदवून ठेवते. रेडिओवर आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतीत आमचे सर सांगत होते, "रोज चालणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, असं आमच्या अभ्यासात दिसलं आहे." आमच्या म्हणजे माझ्या! आकडेमोड माझी, तक्ते माझे, तळटिपासुद्धा माझ्या. मी या विभागात संशोधक आहे, पण कायम नाही. दर दोन वर्षांनी मुदतवाढीच्या पत्रावर सरांची सही लागते. मुदत उद्या संपत होती. पत्र सरांच्या टेबलावर होतं. आमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, वैद्यकीय नियतकालिकात छापून आला की सही नक्की, असा शब्द होता, आणि पेपर परवाच छापून आला होता. आकड्यांत माझ्या हातून चूक होत नाही, असं मी अकरा वर्षं सगळ्यांना ऐकवत आले आहे. विभागात मला 'चाळणी' म्हणतात. मी ते कौतुक समजते.

तर सिस्टर. आमच्या सहा केंद्रांपैकी सगळ्यात मोठ्या केंद्रावर लोकांचे फॉर्म त्या भरून घेतात.

"मॅडम, छान बोलले सर. पण चालण्याच्या रकान्याला तुम्ही काही केलंत का हो?"

"केलं म्हणजे? तुमचे फॉर्म उलटे छापले होते ना! बाकी सगळीकडे एक म्हणजे चालतो, दोन म्हणजे चालत नाही. तुमच्याकडे नेमकं उलट. मी एका फटक्यात सगळे सुलटे केले!"

"अगं बाई! ते मी आधीच सुलटे करून पाठवले होते."

"कधी?"

"डिसेंबरातच. बसून एकेक. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

सतरा हजारांच्या अभ्यासात अकरा हजार माणसं या एका केंद्राची, आणि त्यांतले चालणारे बसले होते आणि बसणारे चालत होते!

फोन ठेवते तोच आईचा.

"अगं, सहा महिने पहाटे उठवून मला पळवलंस! मारायचंच होतं तर सरळ सांगायचंस!"

"आई, निकाल चुकलाय. तू चालत राहा."

"रेडिओवर बोलणारा माणूस चुकेल? बूट देऊन टाकले मी शेजारच्या वहिनींना."

"चालणं वाईट, तर त्यांना तरी का दिलेस?"

"आमचं पटत नाही."

सरांचा फोन बंद होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ते दोनशे डॉक्टरांपुढे बोलत होते. मी जिन्याने धावत गेले. 'सर, थांबा. मोठी चूक आहे,' अशी चिठ्ठी लिहून पुढे पाठवली. त्यांना वाटलं, वेळ संपल्याची अध्यक्षांची चिठ्ठी! न वाचताच त्यांनी ती खिशात घातली आणि थेट निष्कर्षावर उडी मारली. टाळ्या! मग दोनशे डॉक्टर तीन मजले उतरण्यासाठी लिफ्टसमोर रांग लावून उभे राहिले. जिन्याकडे कोणी बघेना.

दुपारी दोनपर्यंत मी सगळं गणित नव्याने केलं आणि सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. सर डगमगले नाहीत. उलट सरसावून बसले.

"म्हणजे चालणं चांगलं ठरतं? अहो, मग ही बातमी आणखी मोठी!"

"नाही सर. काहीच ठरत नाही. चाला किंवा नका चालू, आपल्या आकड्यांना काही पडलेलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"सहा वर्षं," सर म्हणाले. भलत्याच घरी जेवून, वर भांडी घासून बाहेर पडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"संपादकांना कळवायला हवं, सर."

"कळवू की. सोमवारी. आधी तुमच्या पत्रावर सही करतो, मग शांतपणे..."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चाळणी!

"सर, सहीनंतर कळवलं तर सहीसाठी थांबल्यासारखं दिसेल."

"आणि सहीआधी कळवलंत, तर सही करू कोणत्या तोंडाने?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

चार वीसला मी संपादकांना पत्र पाठवलं. चूक माझी, पेपर मागे घ्यावा. प्रत सरांना. आयुष्यात पहिल्यांदाच मी लिहिलेलं पुन्हा तपासलं नाही. तपासलं असतं तर पाठवलंच नसतं.

चार एकवीसला आपोआप उत्तर आलं : संपादक रजेवर आहेत, तातडीचं असल्यास उपसंपादकांशी संपर्क साधावा. साधला. उपसंपादकही रजेवर, तातडीचं असल्यास संपादकांशी संपर्क साधावा.

सर साडेपाचला गेले. माझ्याकडे न बघता. मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर टेबल रिकामं होतं. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं,

"मावशी, इथे एक कागद होता ना?"

"होता. साहेबांनी बॅगेत टाकला."

"सही केली का त्यावर?"

"ते मला काय माहीत, ताई? मी खाली बघत होते."

सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत हाती आलेली माहिती एवढीच.