रेनेरिओचा घोटा

चार्को ओंदो गावाच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप रेनेरिओ पेद्रोसो याचा उजवा घोटा अठरा जानेवारी रोजी, मेहुणीच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवशी, नाचताना मोडला. तारीख मुद्दाम दिली आहे, कारण पुढे गावातल्या बहुतेक गोष्टींची कालगणना याच दिवसापासून होऊ लागली.

संघाचा मॅनेजर लिसार्दो त्या वेळी भाजलेल्या डुकराची थाळी हातात घेऊन शेजारीच उभा होता. कट् असा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. माणूस म्हणून त्याच्या मनात पहिला विचार यायला हवा होता तो रेनेरिओच्या वेदनेचा. तो चौथा आला. पहिला विचार होता, 'मेलो.' दुसरा होता, 'आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं कोण राहणार?' तिसरा विचार साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा होता. लिसार्दोने त्या काट्यावर एकोणीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या होत्या आणि मॅनेजर होऊन त्याला अवघी तीन वर्षं झाली होती. संघ जिल्ह्यात चौथ्या क्रमांकाच्या खाली घसरला तर मॅनेजरने मूळ जागी रुजू व्हायचं, असा नियम होता. त्याला अपवाद एकच. पराभवाचं कारण मॅनेजरच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर पद कायम.

दुसऱ्या दिवशी तो क्रीडा कार्यालयात तिथल्या प्रमुख सोराइदाबाईंपुढे जाऊन बसला. बाईंनी दुखापतीचा फॉर्म काढला.

"सामन्यात की सरावात?"

"बाई, नाचत होता तो. अख्ख्या गावानं पाहिलंय."

"अख्ख्या गावासाठी रकाना नाही. सामन्यात की सरावात? घसरला कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"म्हणजे बाजूला सरकण्याचा सराव. लिहिते. संगीत होतं का?"

"होतं."

"ते लिहीत नाही."

पुढचा प्रश्न बदली खेळाडूचा होता. कागदोपत्री शॉर्टस्टॉपची जागा भरलेली होती. ज्याने ती भरली होती तो प्लॅस्टर घालून घरी पडला होता, पण पडून राहिल्याने जागा रिकामी होते असं नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे बेकरीत काम करणारा, छत्तीस वर्षांचा, पाच वर्षं बाकावर बसून भोपळ्याच्या बिया सोलत आलेला फेर्मिन याची 'तात्पुरता प्रभारी शॉर्टस्टॉप' म्हणून नेमणूक झाली. प्रभारींना क्रमांक मिळत नाही, म्हणून त्याला कोऱ्या पाठीचा शर्ट देण्यात आला. फलकावर त्याच्या नावाच्या जागी 'रेनेरिओच्या जागी' असं लिहिण्यात आलं. फेर्मिनची काही तक्रार नव्हती. तो म्हणाला, "चेंडूला कुठं वाचता येतं?"

फेर्मिनला घेऊन खेळलेला पहिलाच सामना संघ नऊ-दोन असा हरला. फेर्मिनने त्याच्याकडे आलेला प्रत्येक चेंडू पकडला होता. चेंडू टाकणाऱ्या पिचरने मात्र सात जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं होतं, आणि लांब कुंपणाकडच्या आउटफिल्डमधले दोघे एकाच चेंडूखाली येऊन एकमेकांवर आदळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लिसार्दो चौकातल्या बदामाच्या झाडाखाली गेला तो शिव्या खायची तयारी करूनच. आमच्या गावात तिथे रोज सकाळी कपभर कॉफीवर बेसबॉलचं न्यायालय भरतं. हाताने बॅट न उचललेली चाळीस माणसं तिथे मॅनेजरला फैलावर घेतात. मागच्या मॅनेजरने त्यांच्यापायी गाव सोडलं होतं.

पण त्या दिवशी वेगळंच घडलं. कुणीतरी लिसार्दोसाठी खोक्यावर जागा केली. कुणीतरी कॉफी पुढे केली, तीही साखर घातलेली.

"बिचारा लिसार्दो! रेनेरिओ नाही, तर हा तरी काय करणार?"

"रेनेरिओ असता तर ते सात जण पहिल्या बेसवर गेलेच नसते."

"ते तर पिचरनं..." लिसार्दो बोलू लागला आणि थांबला. कॉफी खरंच छान होती. आपण आणखी एक वाक्य बोललो तर ती परत मागितली जाईल, हे कळण्याइतकी अक्कल त्याला होती. त्याला थोडी लाज वाटली. ती त्याने दुसऱ्या घोटाबरोबर गिळली आणि संध्याकाळी कार्यालयात जाऊन पराभवाच्या कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : रेनेरिओचा घोटा.

या न्यायालयाचे आकडे आबुंदिओ मास्तरांकडे असत. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर प्रत्येक खेळाडूची प्रत्येक खेळी वहीत उतरवली होती. वही खोटं बोलत नसे. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की घोटा मोडण्यापूर्वी रेनेरिओ दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम दोनदा चेंडू बॅटला लागायचा, आणि हंगामात अकरा सोपे चेंडू त्याने सोडले होते. नोव्हेंबरात एक चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला तेव्हा याच चाळीस जणांनी त्याच्यावर पेरू फेकले होते. पण मास्तरांनी आता नवं पान उघडलं. त्यावर शीर्षक होतं : 'रेनेरिओ असता तर'.

"मास्तर, जो खेळलाच नाही त्याच्या धावा कशा मोजता?" लिसार्दोने विचारलं.

"सोपं आहे. फेर्मिनच्या बॅटला चेंडू लागला की तो रेनेरिओच्याही लागलाच असता. फेर्मिनच्या नाही लागला, तर तिथं रेनेरिओ हवा होता. म्हणजे लागला असता."

"आणि चुका?"

"घरी बसून माणूस काय चुका करणार?"

फेब्रुवारी संपेपर्यंत रेनेरिओ दहापैकी नऊ वेळा यशस्वी होऊ लागला. जिल्ह्याच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. फेर्मिनच्या नावावर काहीच जमा नव्हतं, कारण त्याच्या नावाचं पानच नव्हतं.

घोट्याचा उपयोग एकट्या संघालाच का व्हावा, हा विचार पहिल्यांदा बेकरीच्या व्यवस्थापकाला सुचला. पाव लहान का झाला असं लोकांनी विचारल्यावर त्याने हात जोडून सांगितलं, "फेर्मिन सामन्याला जातो, कणीक मळायला हात कमी पडतो. मूळ कारण घोटाच." हे पटण्यासारखं होतं. मग साखर कारखान्याने गाळपाचं उद्दिष्ट चुकल्याचं कळवलं. कामगारांचं मन लागत नाही, घोटा. बस तीन दिवस आली नाही, कारण ड्रायव्हर रेनेरिओचा जिवलग होता आणि त्याला पाहायला गेला होता. शाळेत अपूर्णांकांचा निकाल घसरला. न्हावी बास्तियानची बायको माहेरी गेली, तीही घोट्यामुळेच, असं न्हाव्याने शपथेवर सांगितलं. सोराइदाबाईंनी शेवटी एक परिपत्रकच काढलं : प्रत्येक संस्थेने घोट्याचा परिणाम दोन प्रतींत कळवावा, परिणाम नसल्यास तसं का नाही याचा खुलासा द्यावा.

गावाला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

अडचण आली ती मार्चमध्ये, जेव्हा संघ जिंकू लागला. लागोपाठ तीन सामने. तिसऱ्यात फेर्मिनने शेवटच्या इनिंगमध्ये चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. लिसार्दो आनंदाने नाचला आणि मग त्याला धसका बसला : रेनेरिओशिवाय जिंकता येतं हे ठरलं, तर आधीचे पराभव कुणाचे? बदामाच्या झाडाखाली याचा निकाल दोन मिनिटांत लागला. रेनेरिओ कुबड्या घेऊन बाकावर बसला होता, त्याच्याकडे पाहून संघाला स्फूर्ती आली. फेर्मिन तेव्हा शेजारीच पाव वाटत होता. निकाल देणाऱ्यांपैकी एकाला त्याने शिळा पाव दिला.

आता शेवटचा सामना उरला होता, रिंकोन वेर्देच्या संघाशी. जिंकलो तर चौथा क्रमांक, हरलो तर पाचवा. आणि सामन्याच्या चार दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टर कापलं, घोटा फिरवून पाहिला आणि रेनेरिओ ठणठणीत असल्याचा दाखला दिला.

अशी भयाण शांतता गावावर चक्रीवादळाच्या आदल्या दिवशीही पसरली नव्हती. सोराइदाबाईंनी तातडीची बैठक बोलावली.

"पुन्हा एकदा तपासा म्हणावं," बेकरीचा व्यवस्थापक म्हणाला. "इतक्या लवकर हाड जुळतं का कधी?"

"दोन महिने झाले," लिसार्दो म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?"

तेवढ्यात खुद्द रेनेरिओ आत आला, एका पायावर गिरकी घेत. त्याच्या हातात मास्तरांच्या वहीची प्रत होती. दोन महिने घरी पडून त्याने ती पाठ केली होती, आणि त्याचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

"दहात नऊ! मलासुद्धा माहीत नव्हतं मी इतका चांगला आहे ते," तो म्हणाला. "लिसार्दो, मी खेळतोय."

लिसार्दोला ठाऊक होतं की फेर्मिनला खेळवायला हवं. हे त्याला जेवताना ठाऊक होतं, दाढी करताना ठाऊक होतं, आणि यादीत रेनेरिओचं नाव लिहितानाही ठाऊक होतं. पण फेर्मिनला घेऊन हरलो तर गाव आपल्याला सोलेल, आणि रेनेरिओला घेऊन हरलो तर निदान सगळे मिळून हरू, असा त्याचा हिशेब होता. या हिशेबाला तो मनातल्या मनात अनुभव म्हणत असे.

सामन्याला गाव लोटलं. पहिल्याच इनिंगमध्ये रेनेरिओकडे एक सरपटता चेंडू आला, पोरीबाळींनीही अडवावा असा. तो त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. बॅट घेऊन तो तीनदा आला आणि तीनदा हवा मारून परतला. तरीही आठव्या इनिंगपर्यंत संघ पाच-चार असा पुढे होता. पिचरचा हात मात्र केव्हाच गळाला होता. फेर्मिनने बाकावरून तीनदा सांगितलं, "अरे, बदल त्याला, खांदा बघ त्याचा." लिसार्दो म्हणाला, "बघतो." तो बघतच राहिला. पिचर बदलला आणि नवा फसला तर ती चूक आपली ठरेल, जुना फसला तर ती त्याची. जुना फसला. दोन धावा गेल्या, सहा-पाच, आणि सामना संपला.

चाळीसच्या चाळीस माणसं आपापल्या पायांकडे पाहत होती. मग वरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "फेर्मिन कुठंय?"

"फेर्मिनला का बसवलं?"

"फेर्मिन असता तर!"

बघता बघता सगळं मैदान ते एकच नाव घेऊ लागलं. बायका रडत होत्या. बेकरीचा व्यवस्थापक ओरडून ओरडून घोगरा झाला. आबुंदिओ मास्तरांनी वहीचं नवं पान उघडलं. रेनेरिओ मैदानाच्या मधोमध एकटाच उभा होता आणि आपला घोटा चाचपून पाहत होता, कुठे थोडा तरी दुखतोय का.

लिसार्दो सामानाच्या खोलीत फॉर्म घेऊन बसला. फेर्मिन मागोमाग आला.

"खरं लिही," फेर्मिन म्हणाला. "पिचर सहाव्या इनिंगलाच संपला होता. तुला दिसत होतं."

"दिसत होतं," लिसार्दो म्हणाला. हे बोलल्यावर त्याला इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. एकोणीस वर्षांच्या उसाच्या गाड्या त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तरी त्याने पेन ठेवलं नाही.

बाहेर गाव फेर्मिनच्या नावाने अजून ओरडत होतं. फेर्मिनने खिडकीतून पाहिलं. सबंध हंगामात मैदानावर त्याचं नाव कुणी एकदाही घेतलं नव्हतं. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"लिसार्दो," तो हळूच म्हणाला, "एवढं काही नाही रे ते पिचरचं. मी नव्हतो, हेही खरंच आहे की. तेच लिही."

लिसार्दोने ते अक्षर खोडलं आणि फेर्मिनचं नाव लिहिलं. मूळ खेळाडू बरा झाला की प्रभारीची नेमणूक आपोआप संपते, म्हणून सोराइदाबाईंनी हे कारण आवाक्याबाहेरचं धरलं आणि मॅनेजरपद कायम राहिलं.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला कुणाची तरी आठवण आली असेलच. ऑफिसातला कुणी असेल, भाऊ असेल, गल्लीतला पुढारी असेल, 'अगदी अस्साच आहे तो' असं तुम्ही म्हणालाही असाल. नाव सुवाच्य अक्षरात लिहून दोन प्रतींत पाठवा, सोराइदाबाई स्वीकारतील. चार्को ओंदोतही हे सगळं ऐकून प्रत्येकाने दुसऱ्याचंच नाव दिलं आहे.