पंतप्रधानांच्या काखेतून आत या

कामकाजास प्रारंभ

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं एक दुकान होतं. एका सोमवारी सकाळी त्या दुकानापुढे पंतप्रधान येऊन उभे राहिले. स्वतः नव्हे, लोखंडी सांगाड्यावर बसवलेले, दुमजली, हसतमुख. एका हाताचा अंगठा आभाळाकडे, दुसरा हात कमरेवर. कमरेवरच्या हाताचं कोपर दुकानाच्या पाटीवर आलं होतं. खिडकी कोटामागे गेली होती. कोपर आणि कंबर यांच्या मधोमध जी त्रिकोणी फट उरली होती, तेवढ्यातून दुकानाचं दार दिसत होतं.

दुकानदाराला सगळी गल्ली नंबरकाका म्हणे. चष्म्याचा नंबर काढण्यात त्यांची हयात गेली होती. शिवाय ते गल्लीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि ते कधीपासून आहेत हे कुणालाच आठवत नसल्यामुळे कायमचे होते. सार्वजनिक जीवनात थोडी कळ सोसावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिले काही दिवस त्यांनी अभिमानच बाळगला. फोनवर पत्ता विचारला की सांगत, ‘‘पंतप्रधानांच्या काखेतून आत या.’’

पण चष्म्याचा धंदा उजेडावर चालतो. अक्षरांचा तक्ता खिडकीसमोरच्या भिंतीवर होता. आता त्यावर कोटाची सावली पडे. दिवा लावला तर तक्त्याच्या काचेवर तिरीप येऊन अक्षरं पुसली जात. गिऱ्हाईक तिसऱ्या ओळीत अडखळलं की काका नंबर वाढवून देत. बघता बघता अर्धी गल्ली जाड भिंगांतून जग बघू लागली आणि पायऱ्या चुकू लागली. त्या भिंगांतून पंतप्रधान मात्र पूर्वीपेक्षाही मोठे दिसत.

डोकं दुखायला लागल्यावर लोक हमरस्त्यावरच्या दुकानात जाऊ लागले. काका दिवसभर रिकाम्या खुर्चीसमोर भिंगं पुसत बसत.

‘‘माझा भाऊ म्हणतो, दुकान मला द्या,’’ एका दुपारी काकू म्हणाल्या. ‘‘गोदाम करीन म्हणतो.’’

‘‘कसलं गोदाम?’’

‘‘फलकांच्या सांगाड्यांचं. त्यात चलती आहे म्हणे. ही शाळांची सुट्टी संपेपर्यंत वाट बघते. गिऱ्हाईक परतलं तर ठीक, नाहीतर किल्ली भावाला.’’

समोरच्या टेलरताई भर दुपारी दिवा लावून काजं करत होत्या. त्यांनी ऐकलं आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, ‘‘सवय होते हो काका, अंधाराची.’’

काकांना वाटलं, बाई धीर देताहेत.

तारांकित प्रश्न

फलक खात्यातला कारकून सज्जन होता. त्याने तक्रार पूर्ण ऐकली. हे काकांना अनपेक्षित होतं, त्यामुळे त्यांनी ती दोनदा सांगितली.

‘‘फलक काढता येईल की,’’ कारकून म्हणाला. ‘‘नियमच आहे. पदावरून गेले की त्याच दिवशी फलक उतरतो. आमची माणसं फार तत्पर आहेत.’’

‘‘आणि पदावर असेपर्यंत?’’

‘‘असेपर्यंत आहे.’’

काकांनी जरा विचार केला. त्यांना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त खिडकी हवी होती. ‘‘मग पंतप्रधानांना काढायचं कसं?’’ त्यांनी नळाच्या जोडणीची चौकशी करावी तसं विचारलं.

‘‘तुम्हाला? नाही काढता येत.’’

‘‘का? मी नागरिक आहे. मीच निवडून दिलंय त्यांना.’’

‘‘छे हो. तुम्ही त्यांना मतच दिलेलं नाही.’’

‘‘म्हणजे काय? फोटो बघून दिलं. हाच फोटो. हाच अंगठा.’’

‘‘फोटो त्यांचा, मत खासदाराला. खासदारांनी मिळून पंतप्रधान केले. ज्यांनी बसवलं त्यांनीच उठवायचं. तुम्ही बसवलं नाहीत, तर तुम्ही उठवणार कसे?’’

‘‘मग मतदानाच्या आधी माझ्याकडे हात जोडून आले होते ते कशाला?’’

कारकुनाने चष्मा काढून पुसला. चष्मा काकांच्याच दुकानातला होता. ‘‘तो कार्यक्रम वेगळ्या खात्याचा,’’ तो म्हणाला.

पोटप्रश्न

खासदारांनी काकांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस इतका आपुलकीचा की आपलं काम होणार नाही हे काकांना बसताक्षणीच कळलं.

‘‘आम्ही अविश्वासाचा ठराव आणू शकतो,’’ खासदार म्हणाले. ‘‘बहुमताने मंजूर झाला की पंतप्रधान गेले. लोकशाहीचं सौंदर्य आहे ते.’’

‘‘मग आणा.’’

‘‘कुणी आणला तरी मत पक्षाच्या आदेशाने द्यावं लागतं.’’

‘‘आदेश कोण काढतं?’’

‘‘पक्षाचे नेते.’’

‘‘ते कोण?’’

खासदारांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथेही एक अंगठा होता.

‘‘म्हणजे पंतप्रधानांना काढायला पंतप्रधानांची परवानगी लागते,’’ काका म्हणाले.

‘‘असं बोलू नये, ऐकायला बरं वाटत नाही. पण हो.’’

‘‘आणि आदेश मोडला तर?’’

‘‘माझी खासदारकी जाईल. मग तुमच्या गल्लीचा प्रश्न मांडायला उरेल कोण?’’

‘‘आत्ता मांडताय?’’

‘‘आत्ता मांडू नये असा आदेश आहे.’’

चहा आला. दोघांनी तो गांभीर्याने प्यायला. निघताना खासदार म्हणाले, ‘‘मुदत संपल्यावर या की मतदानाला. तेव्हा तुम्ही राजे.’’

‘‘आणि तोवर?’’

‘‘तोवर आम्ही आहोत ना.’’

कामकाजातून वगळलेला भाग

परत आल्यावर नंबरकाका फलकाच्या पायाशी उभे राहिले आणि मान वर करून ………………………… असं म्हणाले. तुमच्या आईने ………………. काखेत ……………..

(सदर उद्गार असंसदीय असल्याने वगळण्यात आले आहेत. फलकाच्या चेहऱ्यावर कोणताही बदल आढळून आला नाही.)

शून्य प्रहर

आणि पुढच्याच आठवड्यात पंतप्रधान गेले.

कुणी काढलं ते नीट कळलं नाही. पक्षातल्या पाचसहा जणांनी न्याहारीला बसून ठरवलं, आणि दुपारच्या जेवणाला नवे पंतप्रधान होते. नागरिकांना चहाच्या वेळी बातम्यांतून कळवण्यात आलं. काकांना मात्र वाटलं, आपला आवाज पोहोचला. त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि काकूंना सांगितलं, ‘‘भावाला म्हणावं, दुसरं गोदाम बघ.’’

फलक खातं खरोखरच तत्पर होतं. दिवेलागणीपूर्वी जुने पंतप्रधान उतरले. नंबरकाकांच्या तक्त्यावर अगदी शेवटच्या ओळीपर्यंत मावळता उजेड पडला. काकांनी ती ओळ मोठ्याने वाचून काढली.

सकाळी नवे पंतप्रधान उभे होते. हे अंगाने रुंद होते आणि स्वभावाने गंभीर. त्यांनी हाताची घडी घातली होती.

म्हणजे फटही गेली. काकांना मागच्या मोरीकडून आत जावं लागलं. गिऱ्हाईकांना मोरीतून या असं सांगणं त्यांच्या जिभेवर येईना. सुट्टी संपली तेव्हा काकूंनी हात पुढे केला, आणि काकांनी किल्ली दिली.

आवाजी मतदान

या अन्यायाविरुद्ध व्यापारी मंडळाची तातडीची सभा भरली. अध्यक्षांना दुकान उरलेलं नव्हतं, पण दुकान गेलं तरी पद मुदतीपर्यंत राहतं असा मंडळाचा नियम होता. मुदत किती, हा नियम राहून गेला होता. सभा टेलरताईंच्या दुकानात घेतली. भर दुपार असून आत दिवा लावावा लागला.

‘‘इथे एवढा अंधार कसा?’’ काकांनी विचारलं.

सलूनवाला म्हणाला, ‘‘काका, जरा बाहेर जाऊन बघा.’’

काका बाहेर गेले. टेलरताईंच्या खिडकीवर आडवा फलक होता: ‘व्यापारी मंडळ आपले हार्दिक स्वागत करीत आहे.’ मजकूर कोपऱ्यात होता. उरलेल्या जागेत अध्यक्ष होते. हसतमुख. अंगठा आभाळाकडे. रस्त्यावरून जाताना हा फलक ते रोज बघत आणि रोज समाधान पावत. आतून तो त्यांनी कधी बघितला नव्हता.

‘‘काखेत कळसा आणि गावाला वळसा,’’ टेलरताई म्हणाल्या. ‘‘किती वर्षं सांगतेय. काढा ना तेवढा.’’

काकांना खरंच वाईट वाटलं. काढतो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून वेगळंच बाहेर आलं. ‘‘ताई, फलक अध्यक्षांचा आहे. अध्यक्ष असेपर्यंत आहे.’’

‘‘मग अध्यक्ष बदलू.’’

‘‘तुम्हाला नाही बदलता येत. तुम्ही मला निवडलेलंच नाही. तुम्ही समिती निवडलीत, समितीने मला निवडलं.’’

‘‘समितीत आहे कोण?’’

‘‘मी आणि माझा मेव्हणा. तिसरी जागा रिक्त आहे.’’

‘‘मग बोलवा समितीला.’’

‘‘बोलावण्याचा अधिकार अध्यक्षांचा.’’

सलूनवाल्याला राहवलं नाही. ‘‘नियम मरू देत. आपण सगळे इथेच आहोत. आज, आत्ता दुसरा अध्यक्ष करू. बोला, कोण होतंय?’’

स्टेशनरीवाल्याने चपलेचा अंगठा तपासला. बेकरीवाल्याला भट्टी आठवली. टेलरताई म्हणाल्या, ‘‘झाले असते हो, पण शाळेचे गणवेश पडलेत.’’ प्रश्न विचारणारा सलूनवाला तर केव्हाच दाराशी पोचला होता. ‘‘मला बोलायला जमतं,’’ तो म्हणाला, ‘‘करायला नाही.’’

‘‘दुसरं आहे कोण,’’ कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

काकांनी घसा साफ केला. ‘‘विद्यमान अध्यक्षांनी पुढेही राहावं, असा ठराव सभेपुढे आहे. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.’’

‘‘होय,’’ सभा म्हणाली.

‘‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. वाचणाऱ्यांनाही मताचा अधिकार आहे. त्यांच्यासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली आहे.’’

……………………………………………

ठराव एकमताने संमत.