सव्वापाचची भरती

धर्माबुवा माझ्या लाद्यांच्या दुकानात रोज वेगळ्या वेळी येतात. काल दीडला आले असतील तर आज सव्वादोनला. कुणाशी न बोलता थेट मागे जातात, मागचं दार लावतात, हाताने दाबून बघतात आणि निघून जातात. सहा तासांनी येऊन तेच दार उघडतात.

दाराबाहेर हातभरावर सोसायटीची भिंत आहे. बुवांच्या मते तिथे खाडी आहे. गाळा त्यांचाच. त्या जागी पूर्वी बांधातली उघाडी होती. भरतीला ती झडप लावायची, ओहोटीला उघडायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. बुवा तिचे राखणदार. तिथीवरून भरतीची वेळ ते बोटांवर काढतात. खाडी बुजली, सेक्टर झाले, पण बुवांना कामावरून कुणी कमी केलं नाही.

मी पावणे गावच्या गोदामांत ट्रकमधून लाद्या उतरवत मोठा झालो. तिथे शिकलेली सगळी घासाघीस मी गाळा घेताना त्यांच्यावर चालवली. भाडं, रंगकाम, शटर, सगळ्याला ते "बरं" म्हणाले. मला वाटलं, म्हातारा लुटला. शेवटी म्हणाले, "मागलं दार माजं." त्यावर मी दोन तास डोकं आपटलं. ते चहा पीत बसले.

गिऱ्हाइकांना ते वस्तीतल्या नामवंतांची ओळख करून देतात. "ती जिम हाय ना, थं पदीबाय रातभर फुटल्या बांधाला पाठ लावून उभी हुती. त्या बँकेत हिराजीची म्हस रुतली." डॉक्टर, नगरसेवक यादीत नाहीत. म्हैस आहे.

एकदा बिल्डर आला. अख्ख्या इमारतीच्या लाद्या, भाव जमत आलेला. बुवा दार लावून परतताना म्हणाले, "कंचीबी घ्या. खारं पानी खालनं येतं." बिल्डर उठला तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारापुढे छतापर्यंत खोकी रचली.

बुवा सव्वादोनला आले. मी भांडायच्या तयारीत होतो. ते एक खोकं सरकवू लागले.

"काड रं," ते म्हणाले. "गाव जेवाया बसलाय."

"बुवा, तुमचं गाव आता ऑफिसात बसलंय."

ते गेले. जाताना शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस ते फिरकले नाहीत. जिंकल्यासारखं काही वाटेना. चौथ्या दिवशी साडेचारला मी त्यांच्या घरी गेलो. सून बाहेरच भेटली.

"जेवत नाय धड. तुमी दार बंद केला ना?" ती म्हणाली. "यांचा जन्म झाला तवा मामंजी पोर बघाया घरी आले, आनि उघाडी उघडीच राह्यली. गावाचा भात गेला. तीन वर्सं शेतं खारट."

"मग गावाने काय केलं?"

"काय नाय. कुनी शब्द बोलला नाय. उघाडी परत मामंजींच्याच हाती दिली."

गावाने तीन वर्षांचं बुडालेलं पीक गिळलं होतं. मला एक बिल्डर गिळता आला नव्हता.

आत बुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "पानी कवर आला?"

"नाही आलं. खोकी काढली, दार मी लावलं." धडधडीत खोटं.

"किती वाजता?"

"चारला."

ते ताडकन उठून बसले. "चारला? आज सप्तमी. भरती सव्वापाचची. आतला पानी कसा जाईल भायेर? अक्कल हाय का?" आणि चपला शोधू लागले.

ते पुढे, मी मागे. मागे राहून मी बायकोला दुकानात फोन लावला. "दोन हमाल बोलाव. मागच्या दारापुढची खोकी काढ."

"गिऱ्हाईक बसलंय. मोठं आहे."

"बसू दे," मी म्हणालो. "सव्वापाचच्या आत दार मोकळं पाहिजे."