इंदिरानगरची डिस्क-मोहीम आणि नवसाबाईसाहेबांचे फर्मान

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरे, आश्विनमासी, मुक्काम इंदिरानगर, प्रांत नाशिक येथे हार्डडिस्क पालटण्याची जी दुर्घट मोहीम जाहली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचा मीठमसाला घालीत नाही.

राजश्री शेखरराव, मूळचे फुलमळेवाले, हल्ली फ्लॅटनशीन, यांणी हॉलच्या कोपऱ्यात लिनक्स नामे फुकट परंतु हट्टी राजवट कायम करून एक कॉम्प्युटर अहोरात्र जागता ठेविला होता. गाणी, सिनेमे, लग्नांचे व्हिडिओ, अवघी रयत त्यात नांदे. रयत बेसुमार वाढली, चाळीस जीबीचा किल्ला गच्च भरला, आणि जुनी डिस्क टकटक करू लागली. तीत शेखररावांचे तीर्थरूप कैलासवासी धोंडीराम यांचा मळ्यावरील एकुलता एक व्हिडिओ होता. मूळ कॅसेट बुरशीने खाल्लेली. धोंडीराम गेल्यापासून तो पाहण्याचा धीर कोणास जाहला नव्हता, परंतु तो गेला म्हणजे बापाचा आवाज गेला, या विचारे शेखररावांचे धाबे दणाणले.

मग अडीचशे जीबीची नवी डिस्क तैनातीस आणिली. केबली जोडिल्या. एक स्क्रू सोफ्याखाली फरार जाहला, तो आजतागायत हाती लागला नाही. नवमीचे सकाळी कॉपीचा हुकूम सुटला आणि अवघी रयत पार जाहली, पण धोंडीरामांचा व्हिडिओ अर्ध्यात अडे. जुनी डिस्क तव्यासारखी तापली, तरी शेखरराव पुनःपुन्हा हुकूम देत आणि ती पुनःपुन्हा टकटके.

इतक्यात मातोश्री नवसाबाईसाहेब पूजेचे ताट घेऊन दाखल जाहल्या. खंडेनवमीस विळा, कुदळ, पंप, कोणतेही हत्यार चालवू नये, पुजून ठेवावे, हा त्या घराण्याचा शिरस्ता. बाईसाहेबांनी खटकन बटण बंद केले, दोन्ही डिस्कांस हळदकुंकू लाविले, वर झेंडू ठेविला आणि फर्माविले की, आज हत्याराला इसावा हाय, उद्यापतुर हात लावायचा नाय. शेखरराव कपाळास हात लावून, "अगं आई, सगळं घालवलंस की गं!" ऐसे बोलले. सूनबाई स्नेहल यांणी हसू दाबण्याकरिता स्वयंपाकघराचा आश्रय केला. त्या दिवशी शेखररावांस पुरणपोळी गोड लागली नाही.

दसऱ्यास, सोने वाटण्यापूर्वीच, बटण दाबिले. निवालेली डिस्क टकटक विसरून मुकाट फिरली, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत सुखरूप पार जाहला. लागलीच टीव्हीवर लाविला. मळा दिसला, पंपापाशी पोरसवदा शेखरराव दिसले, आणि धोंडीराम गरजले, "शेखऱ्या, बंद कर तो पंप! खंडेनवमी हाय आज. इसावा दे त्याला, मंग बघ उद्या कसा चालतो!"

शेखररावांस भडभडून आले. नवसाबाईसाहेबांनी पदराने डोळे पुसून पुन्हा लावण्याची आज्ञा केली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, जुनी डिस्क देव्हाऱ्याशेजारी पेन्शनीत बसली. दरसाल खंडेनवमीस तो जागता कॉम्प्युटर बंद राहावा ऐसे ठरले. परंतु लिनक्सास तिथी कळत नाही; सबब बटणाचे वतन मातोश्रींकडे हयातभर कायम करण्यात आले.